पोत्यातल्या पत्रिका

माझा जन्म परळचा, भोईवाड्यातला, याच खोलीतला, मूळचे आम्ही मालवणकडचे. बाबा गिरणीत होते, संपात गिरणी गेली आणि माझी शाळा सातवीत सुटली. मग गिरगावात एका छापखान्यात चिकटले ती तीसेक वर्षं, काम काय तर लग्नपत्रिकांच्या घड्या घालायच्या, गोंडा बांधायचा, पाकिटात सरकवायच्या. पुढे लोक मोबाइलवरच पत्रिका पाठवायला लागले, छापखाना बसला, मालक म्हणाले सुरेखाबाई, दुसरं काय देऊ, नमुन्याच्या पत्रिका पोतंभर आहेत, न्या. आमचे हे म्हणाले रद्दी कशाला आणलीस. मी म्हटलं असू दे.

त्यानंतर पाळणाघर काढलं, आजही तेच करते, पाच-सहा पोरं असतात, आया कामाला जातात. आता पोरांना वाचून काय दाखवणार, घरात पुस्तक म्हणाल तर पंचांग. म्हणून पोतं सोडलं. काय सांगू तुम्हाला, पोरं अशी गोळा झाली की बस. गणपतीच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि मी सुरू, आमचे येथे श्रीकृपेकरून, मोठाले शब्द, कळत काय नाय त्यांना, पण ताल असतो ना त्याला. आणि तळाला घरातल्या बारक्या पोरांच्या नावाने ओळ छापतात बघा, माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं. तिथे मी मामाच्या लग्नाला म्हणून थांबायचे, बोट तसंच ठेवायचे, आणि सगळी पोरं ओरडायची, यायचं हं.

सगळी म्हणजे ओवी सोडून. ओवी तेव्हा अडीच वर्षांची, तिची आई सायली दादरला कपड्यांच्या दुकानात. पोरगी बोलायचीच नाय, आई नाही की पाणी नाही. डॉक्टरांनी कान तपासले, ठीक आहेत म्हणाले, तिच्याशी बोला, वाचून दाखवा, महिन्याने परत आणा. सायली म्हणते मावशी, मला कुठे वेळ आहे, आणि पिशवीत मोबाइल ठेवून जाते, का तर तो लावल्याशिवाय पोरगी घास घेत नाही. मी तो मोबाइल फळीवर डब्यामागे ठेवून दिला. दोन दिवस पोरीने घर डोक्यावर घेतलं, वरणभात माझ्या अंगावर. पण मीही हट्टी, आमची आये म्हणायची सुरेखाने एकदा धरलं की सोडायची नाय.

सायलीला कळलं तशी भडकली. पोरगी वाळली माझी, आणि पत्रिका कसल्या वाचता, त्याने कोणी बोलतं का, महिनाअखेर मी हिला दुसरीकडे टाकते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. म्हटलं टाक गो बाय, पण महिना संपेपर्यंत ती माझी.

मग मी तिला मांडीवर घ्यायचे, जेवणाआधी एक पत्रिका, झोपवताना एक. मामाच्या लग्नाला म्हणायचे आणि थांबायचे, बाकीच्यांना दटावायचे, गप रे, हिला बोलू द्या. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. भीती वाटायची हो, खरंच नाही बोलली तर, मी कोण मोठी डॉक्टरीण लागून गेले. पण वाचायचं सोडलं नाय.

महिन्याचा शेवटचा दिवस. सायली सकाळी तिला सोडायला आली, म्हणाली संध्याकाळी हिची चादर, वाटी बांधून ठेवा. घाईत होती, वळली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली असेल नसेल, आणि ओवी उंबऱ्यात उभी राहून आईच्या पाठीकडे बघत म्हणाली, यायचं हं.

सायली पायरीवर मटकन बसली. ती रडली, मीही रडले, दुकानात उशीर झाला तिला. संध्याकाळी आली तेव्हा चादर मागितली नाही, घरी वाचायला चार पत्रिका मागितल्या.

आता ओवी चार वर्षांची आहे, बालवाडी सुटली की माझ्याकडेच येते, तोंडाला विसावा म्हणून नाही. सायलीने पुस्तकं आणलीत, तीही वाचतो. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून पत्रिका ओवीच धरते, कधी उलटी पण धरते, मला पाठच आहे सगळी. परवापासून एक नवीन पोरगी येते, दोन वर्षांची, गप्प गप्प असते. ओवीने तिच्यासमोर पत्रिका धरली, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं, मामाच्या लग्नाला म्हणाली आणि थांबली. बराच वेळ झाला, मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणते कशी, मावशी, तू बोलू नको, ती बोलेल.