विहिरीतला कुंदा

शिरपूरहून वाशीमला निघालेल्या एसटीत योगिनीच्या मांडीवर बाळाचा नुकता डोळा लागला होता. पुढच्या सीटवर मात्र मामा-भाचीची चांगलीच जुंपली होती.

“मामा, मिस्त्रीले दोन दिवस थांबवा ना. नवी विहीर दगडानं बांधून टाकली, का मंग मले खालची माती भेटत नाई.”

“तुह्या कॉलेजच्या चिखलासाठी विहीर उघडी ठेवू? अन् दरड पडली मंजे?”

“चिखल नाई जी! गवत हात काहून कापते? पात्यात काचेसारखे बारीक कण असतात. गवत सडते, कण मातीत राह्यतात.”

“राहू दे ना मंग. कायले छळतं त्याईले?”

“कणाच्या आकारावरून समजते, गवत कोरड्यातलं होतं का पाणथळीतलं. मंजे तवा पाऊसपाणी कसं होतं, थे कळते.”

“तवा मंजे कवा? माह्या आज्याच्या वक्ती?”

“मामा, माणसानं नांगर पाह्यला नोता, तवाचं!”

योगिनी बाळाला थोपटायचं विसरून पुढे वाकली.

“दीपा, त्याच्यात कुंद्याचं तण दिसन?” मामांनी भाचीला विचारलं.

“नेमका कुंदा नाई सांगता येत. त्याचे भाऊबंद होते का, थे दिसन.”

“तुही मामी लग्नापासून म्हणून राह्यली, वावरात कुंदा माह्या आळसानं आला.”

मामांनी खिशातून मोबाईल काढला.

“हॅलो, मिस्त्री? उद्या नोका येऊ. सोमवारी या… हाव, लय अर्जंट काम हाय.”

“मामा!”

“भाऊबंद सापडले, तं पह्यले मामीले सांगजो.”

“अन् नाई सापडले तं?”

“तं मलेच सांगजो. हळूच.”