मी फक्त वेळ टाकली

...आणि वर मलाच विचारतात, ‘तोंड का पाडून बसलायस?’ अहो, मामाची नोकरी गेली की माझ्यामुळे! पण मी केलं काय? मी फक्त वेळ टाकली!

तुम्हाला सांगतो, कॉलेज सोडलं तेव्हा याच मामानं मला त्याच्या कारखान्यात कॅमेऱ्यांच्या खोलीत चिकटवलं. मामा गेटवरचा वॉचमन. काम सोपं. महिनाभराचं चित्रण साठलेलं असतं, तारीख-वेळ टाकायची, व्हिडिओ उडी मारून थेट तिथं! पण मॅनेजर साहेब दारावरच्या कॅमेऱ्यात माझीच यायची वेळ बघायला लागले. हजेरी नऊची, मी रोज नऊ-पंचवीसला उगवणार... मग काय, रेकॉर्डरचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागे सारलं. कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं! कुरिअरवाला म्हणाला, “सव्वादोनला आलो, चौकीत कुणी नव्हतं, मशिनचा पार्ट घेऊन परत गेलो.” मामा म्हणाला, “थापा मारतोय! मी अडीचला जेवायला उठतो, तोवर खुर्चीतच होतो.” साहेब गुरगुरले, “सव्वादोन लाव रे!”

लावलं. मी फक्त वेळ टाकली! रेकॉर्डरचे सव्वादोन म्हणजे खरे दोन-चाळीस... खुर्ची रिकामी. आणि मामा? भांडायचं ना त्यानं! तर डोळे बारीक करून स्क्रीन बघतो नि म्हणतो, “नसेन मग... वय झालं, साहेब.” बावीस वर्षं गेट राखलेला माणूस स्वतःपेक्षा त्या रेकॉर्डरच्या डब्यावर विश्वास ठेवतो! ही मोठी माणसं अशीच, आम्हाला तेवढं शिकवायचं, ‘ताठ राहा!’ आणि मी तरी कुठं तोंड उघडलं?

दोन दिवस गेले. शेवटी केबिनमध्ये जाऊन सगळं ओकलो. मला काढा, मामाला घ्या! साहेब शांतपणे चहा प्यायले. “याच रेकॉर्डरच्या वेळेवर चार महिन्यांत आणखी तिघांना काढलंय. त्यांनाही बोलवू? वर काय सांगू? रेकॉर्डर बरोबर आहे. विषय संपला.”

“अहो, पण भिंतीवरचं घड्याळ बघा की!”

बघितलं त्यांनी. शिपायाला स्टूल आणायला लावलं, आणि कारखान्यातली सगळी घड्याळं पंचवीस मिनिटं मागे करून घेतली.

मामा घरी बसलाय. आणि मी... मी आता रोज वेळेवर असतो.