सीलबंद डब्यातील हृदयाबाबत

नाव सुबोध हरिहर घाणेकर, वय ४४, नोकरी रेल्वेत अभियंता, राहणार मानक नगर, लखनौ. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून लिहून देतो की,

काल, १२ मार्च २०१४ रोजी दुपारी, फैजाबाद रोडवर चिनहटजवळ ट्रकने धडक दिलेल्या ऑटोत माझी पत्नी डॉ. देवयानी होती. ती जागीच वारली. मृतदेह मी ओळखला आहे.

तिच्याजवळ मिळालेल्या डब्यातील हृदय माणसाचे नाही, शेळीचे आहे. शेळीच्या स्वतःच्या पेशी धुऊन काढल्यामुळे ते पांढरे दिसते. उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी रुजवून, पुढे कधीतरी माणसाला बसवता येईल असे हृदय तयार करायचे, हे तिचे संशोधन. आजवर पेशी वरवर बसत, जाड भिंतीत शिरत नसत. या हृदयात त्या प्रथमच आतपर्यंत रुजल्या होत्या. तपासणीसाठी ती ते हजरतगंजच्या बाजूला एका प्रयोगशाळेत नेत होती. ऑटोतून तिचा फोन आला. म्हणाली, "शेळीबाईंना ऊब लागते ना, मांडीवरच घेतलंय. भैया विचारतात, मॅडम, बच्चा है क्या? म्हटलं, समझ लीजिए."

शवागारातून मी ठाण्यात आलो तेव्हा डब्यातील गरम पाण्याच्या पिशव्या काढून बर्फ भरला होता. डबा सील झाला होता. शिपाई विजय मिश्रा यांनी सरबतवाल्याकडून बर्फ आणला होता. ते म्हणाले, "दिल तो बर्फ में ही जाता है, साहब. टीवी पर देखा है. हमने सोचा, किसी के काम आ जाए." मी सांगितले, हे गरम राहायला हवे. ठाण्याचे फौजदार, दरोगाजी, म्हणाले, "अब तो सील डॉक्टर साहब के सामने ही खुलेगी. आप बैठिए." मी बसलो. मिश्रा यांनी चहा आणून दिला. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

आज सकाळी सरकारी डॉक्टरांनी सील उघडले व हृदय शेळीचे असल्याचा निर्वाळा दिला. देवयानीच्या सहकारी डॉ. उल्का राजवाडे यांनी त्याचा तुकडा नेऊन तपासला. पेशी मेल्या आहेत. सांगाडा शाबूत आहे, तो धुऊन पुन्हा नव्या पेशी घालता येतील, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "दादा, धुवू ना?"

हृदय त्यांच्या ताब्यात द्यावे. देवयानीने रुजवलेल्या पेशी धुऊन टाकण्यास माझी हरकत नाही.

मला एवढे हिंदीत लिहिता येत नसल्याने परवानगी घेऊन मराठीत लिहिले. दरोगाजींना हिंदीत अर्थ सांगत मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर बरोबर आहे.

सही/-
सु. ह. घाणेकर