मागच्या न्हाणीची जमीन

—नाही, नाही, फोडच ती. जमीन चांगली आहे हे मला सांगू नकोस, यल्लाप्पा. साठ वर्षांत एक तडा गेला नाही, असली तांबडी रेड ऑक्साइडची जमीन करणारे मिस्त्री आता बेंगळूरात शोधून सापडत नाहीत, नुसती घासून मेण लावलं की आरशासारखी होईल — ऐकलं सगळं. सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकलं. तू बेळगावकडचा, तुझ्याशी आपल्या भाषेत बोलता येतं म्हणून तुला बोलावलं, वाद घालायला नाही. फोड. पांढरी टाइल घाल. एक केस पडला तरी दिसला पाहिजे असली पांढरी.

शी! तो कोपरा बघ, तो. बादलीमागचा. गोगलगाय आहे का ती? दोन आहेत? बघवत नाही रे मला. पाऊस पडला की नळीतून गांडुळं वर येतात, भिंतीला ही काळी बुरशी, आणि वास — किती फिनेल ओतलं, किती अ‍ॅसिड ओतलं, वास जात नाही. तुला येत नाही? येत नाही कसा? मला तर स्वयंपाकघरात बसून येतो. आमचे हे म्हणतात, अनुसूया, तुझ्या नाकातच आहे तो वास. ह्यांना काय, ह्यांना पेपर सोडून कशाचाच वास येत नाही.

तर ऐक, बाकी सगळं काटकसरीनं करायचं. ह्यांच्या पेन्शनीत बसलं पाहिजे. भिंतीच्या जुन्या टाइल काढायच्या नाहीत, वरून रंग मारायचा — टाइलवर बसणारा रंग मिळतो, मी फोनवर बघितलाय. कमोड आहे तोच, नुसती वरची सीट नवी. आरसा माझ्या कपाटाचा काढून देते, मला या वयात कुठं मिरवायचंय. जमिनीच्या टाइल जयनगरात एका दुकानात उरलेल्या मिळाल्या, दोन पेट्या. एक पेटी स्वल्प पिवळट निघाली — लबाड मेला, वरची पेटी उघडून दाखवली आणि खालची तशीच बांधून दिली. ती पिवळट कमोडच्या मागं घाल. आणि हे घरात उघडणारं दार, हे बदलायचं नाही. सागवानी आहे. ह्यालाही पांढरा रंग मार. कडीला मात्र रंग लावू नकोस हं, पितळी आहे, सासूबाईंच्या वेळची. चिंच भिजत घातलीय मी, घासून लखलखीत करते. चार गोष्टी जुन्या, चांगल्या असल्या म्हणजे घराला शोभा येते, नाही का?

शुक्रवारपर्यंत व्हायला पाहिजे. शनिवारी गौरीहब्बा, गौरीचा सण. हर्ष येणार आहे — माझा मुलगा, सर्जापूर रोडला असतो, चौदाव्या मजल्यावर. तो, सून भार्गवी, आणि नात अक्षरा. अक्षरा आता तीन वर्षांची झाली. पण बघ, तीन वर्षांत एक रात्र या घरात झोपली नाही ती. एक रात्र! मल्लेश्वरम ते सर्जापूर रोड म्हणजे काय मुलुखापलीकडं आहे? वर्षातून दोनदा येतात, दीड तास बसतात, भार्गवी घड्याळ बघते, की निघाले. आणि पोरीला शू लागली तर — तुला म्हणून सांगते — कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेते तिला! हॉटेलात, यल्लाप्पा! सगळं गाव जिथं जातं तिथं. आमच्या खोलीतलं बाथरूम उघडून दिलं, तर म्हणते, राहू दे अम्मा, तुम्हाला कशाला त्रास. गेल्या खेपेला पोरगी मला विचारते, "अज्जी, तुझ्या घरात बाथरूम नाही?" काय सांगू मी तिला? तेव्हाच ठरवलं, ही न्हाणी नवी करायची, मागची खोली रंगवायची. फोन करून सांगितलंसुद्धा हर्षला. सगळं पांढरंशुभ्र करते म्हटलं, शनिवारी राहा.  तो म्हणाला, "बघू अम्मा." नाही म्हणाला नाही ना? बघू म्हणाला.

तू ऐकतोस ना? का मनात जमीन वाचवायचा हिशेब चाललाय? पुन्हा तेच! अरे, तांबडी म्हणूनच नको ती. का म्हणजे? तांबड्यावर काही दिसत नाही. तेवढ्यासाठीच तर घालायचे पूर्वी, डाग दिसू नये म्हणून. आणि ही न्हाणी बाहेर बसणाऱ्या बायकांची. तुमच्याकडं होतं ना तसं? महिन्याचे तीन दिवस परसातल्या दारानं यायचं, या न्हाणीत आंघोळ, बाजूच्या खोलीत चटई. हे घरातलं दार बंद. मी तीस वर्षं बसले. सासूबाई ताट लांबून सरकवायच्या, कुत्र्याला घालावं तसं, आणि मी मनात म्हणायची, माझी सून आली की हे बंद. म्हणायची हं. खरंच म्हणायची.

भार्गवीचं लग्न झालं तो पहिला गौरीहब्बा. पाच वर्षं झाली. गौर बसलेली, मी सोवळ्यात, पुरण शिजतंय, आणि ही येऊन उंबऱ्यात उभी राहिली. हळूच म्हणाली, अम्मा, मला वाटतं सुरू झालंय, पोटात फार दुखतंय. आणि मी — दोन पावलं मागं सरले. आजच का, म्हटलं, सणाच्या दिवशी? कशाला शिवू नकोस, परसातून मागं जा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच पोटात दुखतं. हर्ष मार्केटात फुलांना गेलेला. मी हे दार लावलं, कडी घातली आणि कामाला लागले.

तिनं दार वाजवलं रे. दोनदा. "अम्मा, स्वल्प इकडे या," म्हणाली. मी म्हटलं, आले, नैवेद्य होऊ दे. पुन्हा वाजवलं. मी म्हटलं, कळतं की नाही तुला, सोवळ्यात आहे मी. मग वाजायचं थांबलं. मला बरं वाटलं, झोपली असेल. नैवेद्य झाला, आरती झाली, मग परसातून वळसा घालून बघायला गेले. इथं बसली होती, तू उभा आहेस तिथं, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी. जमीन ओली होती. मला वाटलं, पाणी ओतून घेतलंय. आणि वास — मी काय केलं माहीत आहे? नाकाला पदर लावला आणि म्हटलं, दोन बादल्या पाणी ओत, घाण वास मारतोय. एवढं बोलून परत फिरले. ती माझ्याकडं बघत होती. 

हर्ष आला तो फुलं टाकून तिकडं धावला. तिला बघितलं, आणि परसातून वळसा घालत स्वयंपाकघरात आला, गाडीची किल्ली घ्यायला. आमचं स्वयंपाकघर पांढऱ्या मोझाइकचं. त्यावर पावलं उमटली. दारापासून किल्लीच्या खुंटीपर्यंत. लाल. तेव्हा दिसलं मला. आणि दिसल्यावर तोंडातून पहिला शब्द काय निघाला? "अरे, गौरीसमोरून आलास, सगळं विटाळलंस!" हे मी बोलले. ह्या तोंडानं. तो थांबलासुद्धा नाही. तिला उचलून घेऊन गेला.

दुसरा महिना सरला होता तिचा. कुणाला सांगितलं नव्हतं. गौरीपुढं ओटी भरताना मला सांगणार होती म्हणे, सगळ्यांच्या आधी मला. आणि डॉक्टरीण बाई हर्षवर ओरडल्या, दोन तास मुलगी तशी बसलीय, घरात कुणी नव्हतं का म्हणून. काय सांगेल तो? घरात आई होती म्हणून सांगेल?

पाच वर्षांत त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही भार्गवी. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तिच्या घरी गेले की वाकून नमस्कार करते, कॉफी आणून देते, सरी अम्मा, होय अम्मा. मी बाथरूमला गेले आणि परत आले की माझ्यामागून तिचं बाथरूम पुसून घेते. मी बघितलंय. तिला किळस येते माझी. यावीच. मला स्वतःला येते, तर तिचं काय चुकलं? पण मी सोडलं रे ते सगळं! सोवळ्याचं पातळ कामवाल्या ठकुबाईला देऊन टाकलं, ताट वेगळं नाही, चटई जाळली. आता फक्त ही जमीन राहिलीय. ही तेवढी गेली की — म्हणून म्हणते, फोड. पांढऱ्यावर सगळं दिसेल. पुन्हा काही झालं तर मला दिसेल.

काय? दाराचं काय? सांगितलं ना, रंग मार.

कडी? कडीला काय झालं? घराच्या बाजूनं आहे, हो. असतेच ती तशी. तिकडून कुणी आत येऊ नये म्हणून आपण इकडून लावायची.

आतून? आतून नाही. आतून कधी नव्हतीच. काय म्हणतोस, पाहुणी आत असताना कडी बाहेरच्यांच्या हातात कशी...

चिंच भिजत घातलीय रे मी ह्याच कडीसाठी. सकाळपासून. मला... मला दिसलंच नाही.

रंग राहू दे. जमीनही राहू दे आत्ता. पेचकस घे आणि आधी ती कडी काढ. हळू, लाकूड फुटलं तरी फुटू दे. दे इकडं.

आता जा तू. कोपऱ्यावर चहा पिऊन ये. जा म्हटलं ना, यल्लाप्पा. आणि ते दार तसंच उघडं ठेव.