फळगळीचा मेल

संत्रा बगीचेवाल्यांसाठी मी दर आठवड्याले ईमेल पाठवतो, तुमाले माहीतच हाय. यंदा एकदा त्यात खरं खरं लिहून टाकलं का माझ्या बगीच्यात फळगळ लागली हाय, अन् फवारणी करूनही थांबून नाही राहिली.

आता आपल्याकडं बगीचा झाडावरच विकतात, फळं तोडायच्या आधी, अंदाजानं. सौदा होईपर्यंत फळगळीचं नाव कोणी काढत नाही. बायको म्हणे, "व्यापारी अजून आला नाही, अन् तुम्ही गावोगाव सांगून राहिले?"

दुसऱ्याच दिवशी पांढुर्ण्याचा व्यापारी आला. बसला नाही. मोबाईल काढला अन् माझा मेल मोठ्यानं वाचला.

"हे तुम्हीच लिहिलं?"

"हो, मीच."

"खोटं असन तर आताच सांगा."

"खोटं नाही. चाला, झाडाखालचा फळांचा सडा दाखवतो."

बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं. व्यापाऱ्यानं बगीच्याकडं एकदा पाहिलं, मोबाईल खिशात टाकला, अन् खाट ओढून बसला.

"सौसरपासून मोहगावपर्यंत सारे म्हणतात का एक फळ नाही गळलं," तो म्हणाला. "मग मले झाडन् झाड पाहत हिंडा लागते. तुमचा मेल मी वर्षभर वाचून राहिलो. वहिनी, चहा मांडा. अन् तुम्ही सांगा, किती फळ टिकन. मी सौद्यात तेवढंच धरतो."