आपापल्या जोडीकडे

धाकटा : वहिनी, दार उघडा ना. आत खुर्च्यांशिवाय काही नाही, मला माहितेय. खुर्च्या उलट बोलत नाहीत म्हणून इथे येऊन बसलात होय?

वहिनी : उघडंच आहे. ढकला.

धाकटा : आयला, खरंच की! मी उगाच बाहेर गयावया करत बसलो. सरका जरा. भिंतीला एवढ्या घडीच्या खुर्च्या लावल्यात, आणि तुम्ही बसलात कशावर, तर सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर.

वहिनी : भावजी, मस्करी नको आत्ता.

धाकटा : मग करू काय? मला दुसरं येतं काय?

वहिनी : हॉलमध्ये जा. माणसं खोळंबलीयेत.

धाकटा : वाजवणाऱ्यांना सांगितलंय, चालू ठेवा काहीतरी. ऐकू येतंय ना? तेच तेच दळण दळतायत बिचारे.

वहिनी : नवख्या माणसांना नुसतं ऐकायला बोलावलं नव्हतं आपण.

धाकटा : चुकलं माझं. कान धरू? उठाबशा काढू? दोन-चार निघतील, पुढच्यांना गुडघा परवानगी देणार नाही.

वहिनी : येताना रिक्षात काय ठरलं होतं आपलं?

धाकटा : पहिले दोन गोल नाच. सगळ्यांनी हात धरून एकच मोठा गोल. मग साखळीचा. जोडीचा नाच आज नको.

वहिनी : आणि काय घेतलंत?

धाकटा : फिरती जोडी.

वहिनी : का?

धाकटा : अहो, बघितलंत ना त्यांना? शिवणकारखान्यातली माणसं ती. दिवसभर मशीनवर मान खाली. गोलात उभी केली तरी शेजारच्याची कॉलर सरळ आहे का ते बघतायत. हसेना कुणी. म्हटलं, फिरती जोडी घेतली की मोकळी होतील. आतला गोल जागेवर, बाहेरचा दर हाकेला एक घर पुढे. कधी मालक समोर येतो, कधी मालकाची बायको. लोक हसतातच. दादा अडला की हाच काढायचा.

वहिनी : हो. हाच काढायचे.

धाकटा : आणि तुम्ही आपणहून उतरलात आतल्या गोलात. मी नव्हतं सांगितलं. देवाशपथ.

वहिनी : सांगायचं काय त्यात? मी आत उभी असले की बाहेरचा प्रत्येक जण एकदा माझ्यासमोरून जातो. मी त्याचे पाय सरळ करून पुढे पाठवते. तुम्ही वरून नुसत्या हाका देणार. त्या हाकेनं पाय कुठे टाकायचा, ते कुणीतरी दाखवायला नको?

धाकटा : मस्त चाललं होतं हो. तो टकल्या शिंपी उलटाच निघाला होता, त्याला खांद्याला धरून वळवलात तेव्हा सगळा हॉल कसा हसला! मी मनात म्हटलं, जमलं. दादाची गादी आपण चालवणार. आणि मग शेवटची हाक दिली.

वहिनी : आपापल्या जोडीकडे.

धाकटा : सगळे पळाले. धक्काबुक्की, हशा. आपापलं माणूस गाठलं.

वहिनी : आणि मी हात पुढे केला.

धाकटा : कुणाच्या लक्षात नाही आलं.

वहिनी : खोटं बोलू नका.

धाकटा : एकदोघींच्या आलं असेल.

वहिनी : इतकी वर्षं, भावजी. ती हाक दिली की माईक तुमच्याकडे फेकायचे आणि स्टेजवरून धाडकन उडी. म्हणायचे, "आमचीही जोडी आहे बरं का." लोक टाळ्या वाजवायचे आणि मला दर वेळी लाज वाटायची. घरी जाऊन भांडायचे मी. म्हणायचे, या वयात पाय मोडून घ्याल.

धाकटा : माहितेय. मलाच सांगायचा, आज पण बोलणी खाल्ली म्हणून. खूश असायचा.

वहिनी : मला काय माहीत नाही ते नाहीत म्हणून? एका माणसाचं ताट वाढतेय रोज. त्यांचे बूटसुद्धा देऊन टाकले मी, तुम्हालाच दिले. पण हात गेला पुढे. आणि नुसता पुढे नाही गेला. मी वाट बघितली, भावजी. मला वाटलं, आज उशीर का करतायत.

धाकटा : एक सांगू?

वहिनी : काय?

धाकटा : त्यानंतरची हाक काय असते?

वहिनी : हात सोडा, वाका, टाळ्या.

धाकटा : मी दिलीच नाही ती. तुम्हाला वाटलं असेल, विसरला बावळट. विसरलो नव्हतो. मी बाजूला बघत होतो, तो जिथे उभा राहायचा तिथे. म्हटलं, हा बाबा उडी का मारत नाही अजून? माईक माझ्याच हातात, हाक मीच दिलेली, आणि मी त्याची वाट बघतोय! मग तुमचा हात दिसला.

वहिनी : भावजी...

धाकटा : थांबा, नाक पुसू द्या. धूळ फार आहे इथे.

वहिनी : धूळ नाही. मीच झाडली खोली, तुम्ही वायरी लावत होता तेव्हा.

धाकटा : मग सतरंज्यांचा वास असेल.

वहिनी : दवाखान्यात रडला नाहीत. नंतरही नाही. भेटायला आलेल्यांना विनोद सांगत बसलात. इतका राग आला होता मला तुमचा.

धाकटा : तुम्ही रडत होता, आई रडत होती. सगळेच बसले असते तर चहा कुणी केला असता?

(दारावर टकटक.)

शिंपी : येऊ का? सर, माफ करा हं. एक शंका होती. आम्ही अजून हात धरूनच उभे आहोत. सोडायचे का?

धाकटा : काय सांगता! अजून?

शिंपी : तुम्हीच म्हणाला होता ना, पुढची हाक येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तर हललं नाही कुणी. घाम आलाय हातांना.

धाकटा : मग तुम्ही कसे हललात?

शिंपी : मिसेसनी पाठवलं. तिचा हात तेवढ्यापुरता कटिंग मास्तरांकडे देऊन आलोय.

धाकटा : लवकर परत जा हो, कटिंग मास्तरांचा काय भरवसा!

वहिनी : भावजी!

शिंपी : नाही, चांगले आहेत ते. पण बाई, खरं सांगा. माझ्यामुळे थांबलं का? मी उलटा निघालो होतो ना. सगळे मलाच बोलतायत. मिसेस म्हणाली, तुम्हाला नेलं की असंच होतं.

वहिनी : नाही हो. तुमचं काही चुकलं नाही. वळवल्यावर शेवटपर्यंत बरोबर गेलात तुम्ही.

शिंपी : हो ना? मलाही तसंच वाटलं होतं.

धाकटा : जा, सगळ्यांना हात सोडायला सांगा. पाणी प्या. आम्ही आलोच.

शिंपी : मी सांगितलं तर ऐकतील की नाही, शंका आहे. बघतो.

वहिनी : गेले?

धाकटा : गेले. कपाळ माझं! उभेच आहेत हो अजून. वहिनी, तुम्ही बसा इथेच. मी जाऊन एक सोपा गोल नाच घेतो, साखळीचा घेतो, आणि गोड बोलून पाठवतो सगळ्यांना.

वहिनी : नाही. तोच घ्या. पहिल्यापासून.

धाकटा : फिरती जोडी? डोकं ठिकाणावर आहे ना?

वहिनी : नवख्यांचा नाच मधेच मोडला आणि तुम्ही दुसरा काढलात, तर ते काय समजतात? आपल्यामुळे मोडला. ऐकलंत ना त्यांचं? तो माणूस घरी जाऊन म्हणेल, आपल्याला हे जमायचं नाही, आणि जन्मात परत गोलात उभा राहायचा नाही. मोडला तो नाच तिथल्या तिथे पुरा करून घ्यायचा. तुमच्या दादांना हे कुणी शिकवलं वाटतं तुम्हाला?

धाकटा : बरं, घेतो. पण तुम्ही बाहेर बसा.

वहिनी : आणि त्यांचे पाय? डावं-उजवं कळलेलं नाही अजून त्यांना. मी आतच उभी राहणार.

धाकटा : आणि शेवटी?

वहिनी : शेवटी काय?

धाकटा : मी मारतो ना उडी. दादाचेच बूट आहेत पायात. पडलो तर आणखी हसतील. किंवा वाजवणाऱ्यांतल्या एकाला सांगून ठेवतो, हळूच येऊन—

वहिनी : नको.

धाकटा : अहो, पण तुम्ही एकट्या तिथे, सगळ्यांच्या मधे...

वहिनी : कुणी येऊ नका. तुम्ही फक्त हाक नीट द्या, आवाज कापू देऊ नका. मी बघते, मला तिथे उभं राहता येतं का.