वसंतरावांच्या चुका

...नाही, मला सांगा, 'सुमारे पंधरा तोफा' म्हणजे काय? तोफा आहेत की वांगी? चौदा म्हणा, सोळा म्हणा, सुमारे काय सुमारे! आणि हे छापलंय, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात, पान सत्तावीस! आता मी जळतो असं नाही हं, मला काय करायचंय! पण तुम्हाला सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक, कंपनी सरकारच्या लढायांत उभं आयुष्य घातलं, त्यातली बावीस वर्षं एकाच गढीच्या वेढ्यावर... नाव नका विचारू, आणखी कुणीतरी पुस्तक लिहील! बिकानेरच्या अभिलेखागारात इतक्या खेपा घातल्या की तिथला चपराशी म्हणतो, "आइए मास्टरजी, आज कौनसी तोप?" एका पत्रात चौदा तोफा, दुसऱ्यात सोळा. मग दोन गेल्या कुठे? हे कळल्याशिवाय पुस्तक लिहायचं कसं?

आणि हे वसंतराव! शास्त्री नगरात राहतात, बँकेतून निवृत्त. महाराष्ट्र मंडळाची कानोत्याला सहल गेली होती, तिथे धरणावर भेळ खाता खाता मीच... हो, मीच त्यांना वेढ्याची हकीकत सांगितली! दोन तास! "वा प्रोफेसर, फारच इंटरेस्टिंग हो," म्हणाले, आणि आठ महिन्यांत पुस्तक! मंडळात प्रकाशन, शाल, नारळ, सेल्फी, आणि आमची सुधा, माझी सख्खी बायको, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतेय! मी जळत नाही हो, पण इतक्या जोरात?

बनी पार्कला घरी आलो, दार लावलं आणि लाल पेन्सिल घेऊन पुस्तक सोलून काढलं. एकशे बारा चुका! आता आमच्या धंद्यात चूक नुसती दाखवून भागत नाही, पुराव्यानिशी दुरुस्त करून द्यावी लागते. मग काय, तारखा, पलटणी, सुरुंग कुठून खणला, सगळं लिहीत सुटलो. अहो, त्या तिरमिरीत दोन तोफांचासुद्धा उलगडा झाला, वाटेत नदीच्या वाळूत रुतल्या होत्या त्या! तेही लिहिलं! चाळीस पानं झाली, दिली स्पीड पोस्टाने पाठवून. म्हटलं, आता हा माणूस तोंड लपवून फिरेल.

परवा पेढे घेऊन दारात! "प्रोफेसर, उपकार कसे फेडू? सुधारित आवृत्ती!" उघडून बघतो तर माझी चाळीस पानं, शब्द न् शब्द! माझी बावीस वर्षं त्यांच्या नावावर, आणि माझं नाव कुठे? आभारात, फोटो काढणाऱ्या जावयाच्या खाली! मी जळत नाही... छे, जळतो हो, जळतो! सगळं पुस्तक पुन्हा वाचलं, एक चूक सापडली तर शपथ!

मग सुधाने वाचलं. डोळे पुसत म्हणते, "अहो, काय सुरेख लिहिलंय! तुम्हीही एखादं लिहा ना आता."

म्हटलं, "हो. विषय शोधतो."